मातकट

मार्च उलटला की आमच्याकडं जलरंगाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, कागदावर बसत नाही. आठ नंबरचा ब्रश भरून घ्यावा, कागदाच्या डाव्या कडेपासून आभाळ ओढायला लागावं, आणि उजव्या कडेला पोचेस्तोवर डावीकडचं आभाळ वाळून गेलेलं असतं. मधे एक करकरीत रेघ उमटते, ती पुसता पुसत नाही. ओल्यावर ओला रंग सोडला की तो कसा आपोआप पसरतो आणि कागदावर धुकं कसं तयार होतं, हे व्हिडिओत फार छान दाखवतात. आमच्याकडं आपोआप काही पसरत नाही. सकाळी साडेआठला पॅलेटमधल्या रंगाचा पापड झालेला असतो आणि बाटलीतलं पाणी चहाला चालेल इतकं कोमट.

तरी मी रंगवते. बँकेतल्या नोकरीनं मला मराठवाडाभर फिरवलं, अंबड, गेवराई, भूम, लातूर. बदलीच्या गावात खोली मिळाली की पहिल्या रविवारी मी गावाबाहेरचा माळ शोधते. घडीचं स्टूल, पाठीवर एक जुनं दप्तर, त्यात वही, पेन्सिली, बारा रंगांची पेटी, दोन बाटल्या पाणी. एक प्यायची, एक ब्रशची. त्यांची अदलाबदल एकदाच झाली आहे आणि त्या दिवशी मी काय प्यायले ते सांगण्यासारखं नाही.

माळावर बसलं की कुणीतरी येतंच. शेरडं घेऊन, सायकलवर, नाहीतर नुसतंच. थोडा वेळ मागं उभं राहून बघतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात.

"काय काढायलाव ताई?"

"माळ काढतेय मामा."

"ह्या बरडात काय हाय काढायला? तिकडं धरणावर जावा की."

प्रश्न रास्त आहे. मलाही तो बरीच वर्षं पडायचा. शाळेत निसर्गचित्र म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नागमोडी नदी, काठावर कौलारू झोपडी आणि झोपडीशेजारी वाकलेला नारळ. आमच्या गावात नारळ फक्त देवळात फुटायचा. झाडाला लागलेला नारळ मी बारावीनंतर पाहिला. नदीला पाणी असायचं पावसाळ्यात, फार तर दिवाळीपर्यंत. पण वर्गातल्या साठही मुलांच्या वहीत बारमाही नदी वाहायची आणि आभाळात दोन-दोन कमानींचे, चोच ना पाय असे पक्षी उडायचे. एलिमेंटरीच्या परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा विषय असे. जे कधी पाहिलंच नाही ते आठवून काढायचं, असा मी त्याचा अर्थ लावला होता, आणि पासही झाले.

त्या वेळी पेटीतली हिरवी आणि निळी वडी आधी संपायची. तपकिरी वडीला वर्षअखेरीपर्यंत कोपरेसुद्धा शाबूत. आता उलटं झालंय. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी आणि यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, यांच्या ट्यूबा मी पिळून, लाटण्यानं दाबून शेवटच्या थेंबापर्यंत काढते. हिरवा रंग तयार घेतच नाही. बाभळीचा, हिवराचा हिरवा इतका धुळकट असतो की पेटीतला हिरवा लावला तर ते झाड दुसऱ्या गावाहून आल्यासारखं दिसतं.

मातकट हा शब्द आपण नापसंतीनं वापरतो. साडी मातकट आहे म्हणजे घेऊ नये. पण माळावर पेन्सिल घेऊन तासभर बसलं की कळतं, मातकट हा एक रंग नाही, ते अख्खं खानदान आहे. नांगरटीनंतर उन्हात पडलेलं ढेकूळ वरून राखाडी आणि खालून जवळजवळ जांभळं असतं. कुसळी गवत ऑक्टोबरात तांब्याच्या रंगाचं होतं, डिसेंबरात गव्हाळ, फेब्रुवारीत दोरखंडासारखं. ज्वारीच्या फणांचा एक रंग, तुरीच्या तुराट्यांचा वेगळा. लाल कंधारी गाईच्या पाठीला बर्न्ट सिएना सरळ ट्यूबमधून लावावा, काही मिसळायला लागत नाही. गुराख्यांकडं या सगळ्याला शब्द आहेत, कपिली, तांबडी, मोरी, पिंगट, करडी. रंगपेटीवर मात्र 'ब्राउन' एकच.

पक्ष्यांकडं मी उशिरा वळले. हलतात म्हणून. झाड पळून जात नाही, पक्षी जातो. सुरुवात केली ती ढोकरीपासून, कारण ती तळ्याकाठी अर्धा-अर्धा तास पुतळा होऊन बसते. नवशिक्याला इतकं सोशीक मॉडेल दुसरं नाही. आधी अंड्यासारखा एक आकार काढायचा, त्याचा कल पकडायचा, मग मान, मग चोच. पिसं मोजत बसायचं नाही. पायाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पक्ष्याचा गुडघा मागं वाकतो असं वाटायचं आणि चित्रात ढोकरी नेहमी पडायच्या बेतात दिसायची. नंतर समजलं की आपण ज्याला गुडघा म्हणतो तो त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत झाकलेला. पक्षी कायम चवड्यांवर उभा असतो. हे कळल्यावर माझ्या ढोकऱ्या सरळ उभ्या राहायला लागल्या.

हिवाळ्यातली ढोकरी चिखलाच्या रंगाची, अंगावर तपकिरी रेघा. नीट रंगवत आणावी, आणि ती उडते तेव्हा एकदम पांढरीफेक. सगळा पांढरा पंखांत मिटून ठेवलेला. पुस्तकात तिला वंचक म्हणतात ते उगीच नाही.

खरा धडा मात्र गेवराईच्या बाजूला एका माळावर मिळाला. फेब्रुवारीतली सकाळ. पक्षी नव्हतेच, म्हणून मी नुसता माळ घेतला होता. पुढं गवताचे चार झुबके, पाच-सात दगड, मागं बालाघाटाची बुटकी रांग. तासभर झाला असेल. दगड रंगवून झाले होते, त्यांच्या सावल्या टाकायला घेतल्या, आणि तिसरा दगड पळाला.

दहा-बारा पावलं धावला, थांबला, ताठ उभा राहिला, वाकून काहीतरी टिपलं आणि परत धावला. धाविक होता. लालसर छाती, विटकरी डोकं, डोळ्यावरून मागं गेलेल्या काळ्या-पांढऱ्या दोन भुवया. इतका देखणा पक्षी मी तासभर पाहत होते आणि दगड म्हणून रंगवलाही होता. पॅलेटवर नवीन रंग करायची गरज नव्हती. छातीला लागणारा रंग तिथं आधीच कालवलेला होता, दगडासाठी. मी त्याला फक्त दोन पाय आणि भुवया दिल्या.

तेव्हापासून मला माळाच्या पक्ष्यांचं वेड लागलं. टिटवी तिची अंडी उघड्या जमिनीवर घालते आणि ती खड्यांत इतकी मिसळतात की पाऊल टाकायची भीती वाटते. (टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की त्या साली पाऊस भरपूर, असं आमच्याकडचे शेतकरी सांगतात. मी अंडी पाहिली की आधी जागेची उंची बघते. सवय लागली आहे.) चंडोल तर ढेकळावर बसला की ढेकळालाच शेंडी फुटल्यासारखा दिसतो.

ही लपालपी कशी चालते ते पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस चित्रकार होता, हे वाचून मला फार आनंद झाला. अ‍ॅबट थेयर नावाचा अमेरिकन. चित्रकलेच्या वर्गात अंडं गोल दाखवायला काय शिकवतात? वर उजेड, खाली सावली. 1896 साली थेयरनं दाखवून दिलं की प्राणी-पक्ष्यांचं अंग याच्या बरोब्बर उलट रंगवलेलं असतं, पाठ गडद आणि पोट फिकट. वरून ऊन पडलं की गडद पाठ उजळते, फिकट पोट सावलीत काळवंडतं, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गोल पक्षी सपाट होऊन जमिनीत मिसळतो. माझ्या चंडोलांना गोलाई का येत नाही म्हणून मी चिडायचे. गोलाई येऊ नये म्हणूनच तर ते तसे रंगलेले. याला आमच्या माळावर एक अपवाद आहे. डोंबारी चंडोलाचा नर वरून राखाडी आणि पोटाकडून काळाकुट्ट असतो. तो लपतही नाही. आभाळात चढतो, कोलांटी घेतल्यासारखा खाली झेपावतो, जमिनीपाशी येऊन पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर पाहिलं होतं.

थेयर पुढं वाहवत गेला, तेही सांगायला हवं. सगळेच रंग लपण्यासाठी असतात, असं त्याच्या मनानं घेतलं. रोहित पक्षी गुलाबी का? तर पहाटे आणि संध्याकाळी गुलाबी आभाळात मिसळून जावा म्हणून. 1909 सालच्या पुस्तकात त्यानं हे चित्रासह मांडलं आणि थिओडोर रूझवेल्टनं, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षानं, त्याची जाहीर सालटी काढली. आपली रोहितांशी गाठ पडते नाथसागरावर. जायकवाडीचं धरण 1976 मध्ये पुरं झालं आणि त्याचं पाणी उथळ, पसरट. हिवाळ्यानंतर ते मागं सरकत जातं तसा चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर माणसं गाळपेर करतात आणि पक्षी आपली पेर करतात. ढोरकीन गाव ओलांडून पुढं एका जागी मी दोन-तीन हिवाळे बसले आहे. आमचा काठ पूर्वेचा, म्हणजे सूर्य समोर पाण्यात बुडतो. थेयरला तिथं आणून बसवावंसं वाटलं. आभाळ गुलाबी होतं आणि रोहित होतात शाईसारखे काळे. उलटे प्रश्नचिन्हासारखे, मान पाण्यात, चोच पालथी. सकाळी, सूर्य पाठीशी असताना गेलं तर ते पांढरे दिसतात, गुलाबी अगदी पुसटसा. त्यांच्या पंखांतला खरा गुलाबी उडतानाच दिसतो, तोही त्यांनी खाल्लेल्या कोळंबी-शेवाळातून आलेला. रोहित रंगवायला मी सगळ्यात जास्त वापरला तो राखाडी. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "फ्लेमिंगो कुठंयत यात?"

निळ्याचीही अशीच गंमत. नीलपंख तारेवर बसलेला असतो तेव्हा तपकिरी-लिलाक असा बेताचा दिसतो, आणि उडाला की दोन निळ्यांचा भडका. मी अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सगळं लावून पाहिलं. त्या निळ्याला पोचत नाही, कारण तो निळा रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या आतल्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्याचा आहे. निळं पीस खलात घालून बारीक कुटलं तर रचना मोडते, निळा जातो आणि हाती राहते ती मातकट भुकटी. खंड्याचं तेच, मोराचं तेच. हे वाचल्यावर मी माझ्या तपकिरी ट्यूबांकडं जरा अभिमानानं पाहिलं.

आता 2016 चं सांगते. त्या वर्षी मी लातूरला होते. मार्चात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देशभर टीव्हीवर दिसलं. टीव्हीवर न दिसलेलं म्हणजे आमच्या गल्लीतली घागरींची रांग. माणसं घरी जाऊन जेवून यायची, घागर रांगेत थांबायची. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, ते पाणी तुळशीला. अशा घरात रविवारी सकाळी मी जलरंगांची पेटी काढली आणि ग्लास हातात घेऊन नळापाशी गेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ग्लासाकडं फक्त पाहिलं. मी तो पालथा घातला.

पेटी आषाढापर्यंत उघडली नाही. पेन्सिल आणि कोळसा चालू होता. त्या वहीत एकही वॉश नाही. टँकरच्या गळक्या व्हॉल्व्हखाली जमलेले पक्षी आहेत. साळुंक्या, होले, चिमण्या, एक बुलबुल, एक कोतवाल, एरवी एकमेकांना जवळ फिरकू न देणारे. माणसं चार हातांवर उभी होती तरी उडत नव्हते. पक्षी जवळून, निवांत काढायला मिळावेत म्हणून मी वर्षानुवर्षं धडपडले होते, आणि मिळाले ते असे. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले. ती चित्रं माझ्या सगळ्या वह्यांत रेषेनं उत्तम आहेत. मी ती कुणाला दाखवत नाही.

त्याच उन्हाळ्यात शहराबाहेर एका आटत चाललेल्या साठवण तलावावर पखुर्ड्या पाहिल्या. सकाळी ठरल्या वेळी येतात, थव्यानं, कुटकुट आवाज करत. वाळूचा रंग, बदामी रंग, त्यावर बारीक रेघा. नर पाण्यात पोटापर्यंत उतरतो आणि अंग हलवून पोटाची पिसं भिजवतो. त्या पिसांची वीणच अशी की पाणी धरून ठेवावं. मग तो माळ ओलांडून उडत जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाला लागून ते पाणी चोखतात. मी कोळशानं त्याचा आकार घेत होते आणि मनात सारखं येत होतं, किती पाणी मावत असेल? माझ्या आठ नंबरच्या ब्रशात मावतं त्याहून बरंच जास्त असणार.

पाऊस आल्यावर पेटी उघडली तेव्हा ट्यूबा दगड झाल्या होत्या. नवीन मागवायच्या म्हणजे आठवडा. त्या आठवड्यात मी माती कुटली.

कल्पना माझी नव्हे. अजिंठा आमच्याच मराठवाड्यात आहे. तिथल्या छतांवर हंस आहेत, मोर आहेत, आणि ते रंगले आहेत गेरू, पिवळी माती, काजळी, चुना यांत. हिरवासुद्धा इथल्या काळ्या पाषाणातल्या हिरव्या मातीचा. बाहेरून आणावा लागला तो निळा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. बाकी सगळा रंग पायाखालचा. मग मला काय हरकत होती?

माती पाण्यात ढवळायची, क्षणभर थांबायचं, जाडी रेती खाली बसू द्यायची आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओतायचं. असं तीन-चार वेळा. शेवटी तळाशी लोण्यासारखा गाळ बसतो, तो वाळवून खलायचा. आता तो कागदाला चिकटायला डिंक हवा. जलरंगात जो गम अरेबिक असतो तो बाभळीच्याच जातीच्या झाडाचा, आणि बाभळी तर आमच्याकडं बांधाबांधावर. रात्रभर भिजवलेला डिंक फडक्यातून गाळून घ्यायचा, रंग तडकू नये म्हणून मधाचे दोन थेंब, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक. सासूबाईंनी डब्यातला डिंक मोजून दिला, लाडवांचा हिशेब सांगून.

माझी पहिली वडी झाली लालसर मुरमाची. कागदावर ती लावली आणि हसू आलं. इतकी वर्षं चार ट्यूबा कालवून जो रंग मी शोधत होते तो हा. त्यावर हात बसायला वेळ लागला, कण जाडे राहतात, वॉश खरखरीत येतो. पण वाळताना पडणारी ती करकरीत रेघ या रंगात खटकत नाही. वाळलेल्या डबक्याच्या काठासारखी दिसते.

त्या मातीत रंगवलेला माळ घेऊन मी गेवराईच्या त्या जागी परत गेले. धरणावर जावा म्हणणारे मामा तिथंच होते. शेरडंही. उस्मानाबादी, काळीभोर, त्यातल्या एकीनं पूर्वी माझा कार्ट्रिज पेपर अर्धा खाल्ला होता. मी मामांना सांगितलं, हा रंग नाही, माती आहे. त्यांनी अंगठा कागदावर घासला, बोटाकडं पाहिलं.

"ही बरडाची हाय. आमच्या वावरातली न्हाई."

"तुमचं वावर कुठंय?"

"त्ये काय, बाभळीच्या खालतून. भारी जमीन हाय आमची." आवाजात दुखावल्यासारखं काहीतरी होतं. मी त्यांचं वावरही त्याच मुरमानं रंगवून टाकलं होतं.

मी निघाले तेव्हा स्कूटरच्या सीटवर उपरण्याच्या चिंधीत बांधलेलं नारळाएवढं ढेकूळ होतं.

काळी माती मुरमासारखी सोपी नाही. पाण्यात फुगते, चिकटते, निवळायला दोन दिवस घेते. वडी पाडून सावलीत ठेवली तर तिसऱ्या दिवशी तिला भेगा पडल्या, एप्रिलात वावराला पडतात तशाच, एकातून एक फुटलेल्या. मध वाढवून पाहिला, उपयोग नाही. शेवटी तिला तसंच राहू दिलं. भेगाळलेल्या वडीवर ओला ब्रश फिरवला की काळा येत नाही, धुरकट, किंचित जांभळट करडा येतो. त्यानं मी मामांच्या वावराची पट्टी पुन्हा रंगवली. बाकीचा माळ मुरमाचा, तसाच.

पुढच्या खेपेला त्यांना चित्र दाखवलं. हात लांब करून बघितलं, मग जवळ आणलं, मग पुन्हा लांब.

"आता जमलंय. पर पाखरं काढता म्हनलाव ना तुमी? पाखरू कुटं हाय ह्यात?"

"दगड मोजा," मी म्हटलं.

बोट टेकवत त्यांनी मोजायला सुरुवात केली.